अनोळखी माणसावरचा भरवसा

हिंगोलीहून वाशिमच्या दिशेने निघाले की मराठवाडा संपता संपता कनेरगाव नाका लागतो. पुढे विदर्भ सुरू होतो. नाका हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा अर्थ सहसा मनात येत नाही. नाका म्हणजे येणाऱ्याला थांबवायचे, तो कोण, कुठला, कशासाठी आला हे विचारायचे, आणि मग आत सोडायचे की माघारी पाठवायचे ते ठरवायचे.

असाच एक नाका प्रत्येकाच्या मेंदूत असतो. एसटीत शेजारी येऊन बसलेला प्रवासी, उधारी मागणारे नवे गिऱ्हाईक, मुलीला पाहायला आलेली मंडळी, पहिल्यांदाच नाडी पाहणारा डॉक्टर, या सगळ्यांची तिथे काही क्षणांत तपासणी होते. चेहरा, आवाज, नजर, पूर्वीचा अनुभव, लोकांकडून ऐकलेले बोल, असे सगळे तोलून मेंदू ठरवतो, की या माणसावर विसंबायचे की नाही. या निर्णयात ऑक्सिटोसिन नावाच्या एका संप्रेरकाचा हात असतो, असे गेली २० वर्षे सांगितले जात आहे. कुणी त्याला प्रेमाचे रसायन म्हटले, कुणी विश्वासाचे. त्यात खरे किती आणि फुगवलेले किती, हे आज पाहू. पण प्रयोगशाळेतून सुरुवात न करता एका मराठी मुलीच्या आयुष्यातून करू. पाश्चात्त्य वैद्यक शिकून पदवी मिळवणाऱ्या पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहेत. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्या आयुष्याच्या मुळाशी जो भरवशाचा प्रश्न होता, तो जरा बाजूला राहिला.

दहा दिवसांचे बाळ

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या ९ व्या वर्षी टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचे लग्न लागले. गोपाळराव बिजवर, वयाने सुमारे २० वर्षांनी मोठे. बायकोला शिकवू देण्याची अट घालूनच ते बोहल्यावर चढले. त्या काळात हे विलक्षण होते. पण शिकवण्याची त्यांची रीत कठोर होती. अभ्यासावरून त्या कोवळ्या पोरीला मारही बसे, आणि हे आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट शब्दांत मांडले आहे.

१४ व्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला. तो १० दिवसच जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते, हा सल त्यांच्या मनात कायमचा राहिला आणि डॉक्टर होण्याच्या निश्चयाचे बीज तिथेच पडले.

हा केवळ दवाखाना जवळ नसल्याचा प्रश्न नव्हता. पुरुष डॉक्टरला अंग दाखवायचे कसे, या संकोचाने असंख्य स्त्रिया दुखणे अंगावर काढत आणि घरच्या माणसांनाही त्यात काही वावगे वाटत नसे. औषध उपलब्ध असूनही ते देणाऱ्यावर भरवसा ठेवायची वाट बंद होती. आनंदीबाईंच्या मते ती वाट उघडायची तर स्त्री डॉक्टर हवी होती.

पान्हा कसा फुटतो

आता जरा त्या रसायनाकडे वळू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तिथल्या चेतापेशी ऑक्सिटोसिन तयार करतात. अवघ्या ९ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठते आणि वेळ आली की रक्तात सोडली जाते. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पियुषिका ग्रंथीच्या अर्कामुळे गाभण मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते हे दाखवले. पुढे या द्रव्याला मिळालेल्या नावाचा ग्रीक भाषेतला अर्थच झटपट बाळंतपण असा आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये त्याची रचना उलगडली, ते प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आनंदीबाईंच्या हयातीत यातले काहीच कुणाला माहीत नव्हते.

बाळंतपणात ऑक्सिटोसिनचे काम एखाद्या चढत्या लाटेसारखे चालते. बाळाचे डोके गर्भाशयाच्या मुखावर दाब देते, तो निरोप मेंदूला पोचतो, मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, कळा वाढतात, दाब आणखी वाढतो, आणखी ऑक्सिटोसिन सुटते. बाळ बाहेर आल्यावरच हे चक्र थांबते. त्यानंतर गर्भाशय आवळून धरून रक्तस्राव आटोक्यात ठेवायला हेच संप्रेरक मदत करते, आणि बाळ छातीला लागले की दूध खाली उतरवण्याचे कामही तेच करते.

दूध उतरण्याला मराठीत पान्हा फुटणे म्हणतात. हा शब्द शास्त्राच्या पुष्कळ जवळचा आहे. बाळाने स्तन तोंडात घेण्यापूर्वी, नुसते त्याचे रडणे कानावर पडले तरी आईला पान्हा फुटतो. वासरू समोर आणले की गाय पान्हवते. म्हणजे आवाज, वास, चेहरा असा दुसऱ्या जिवाकडून आलेला संकेत मेंदूत शिरतो आणि रसायन सुटते. उलट गोठ्यात अनोळखी माणूस दूध काढायला बसला, गोंगाट झाला, की म्हैस पान्हा चोरते हे आपल्याकडच्या कोणत्याही गवळ्याला विचारा. जनावर बिथरले, परके वाटले, की मेंदू ऑक्सिटोसिन सोडायला आखडता हात घेतो, हे प्रयोगांतही दिसले आहे. ओळख आणि भरवसा यांचे शरीराशी असलेले नाते असे थेट आहे.

यातूनच शास्त्रज्ञांना पुढचा प्रश्न पडला. आई आणि बाळ यांच्यातला दुवा जोडणारे हे रसायन दोन अनोळखी मोठ्या माणसांतही काही करत असेल का?

समुद्रापलीकडची मावशी

आनंदीबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न एका मासिकाच्या रूपाने आला. बायकोला अमेरिकेत शिकवता येईल का, अशी विचारणा करणारे पत्र गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला लिहिले होते. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापले, पण मदतीच्या बदल्यात धर्मांतराची अपेक्षा ठेवली. जोशी दांपत्याने ती मान्य केली नाही. गोष्ट तिथेच संपायची. पण न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना त्यांच्या हाती ते मासिक पडले. हजारो मैलांवरच्या त्या मुलीची तळमळ त्यांना लागून राहिली आणि त्यांनी पत्र पाठवले.

पत्रव्यवहार सुरू झाला. पत्र जायला आणि उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. दोघींनी एकमेकींचा चेहरा पाहिलेला नव्हता, आवाज ऐकलेला नव्हता. घरातल्या चालीरीती, सणवार, बालविवाह, स्त्रियांचे आरोग्य, दोन्ही देशांतले बरेवाईट, असे सगळे विषय त्या पत्रांतून आले. आनंदीबाईंची प्रकृती कलकत्त्यात ढासळू लागली. डोके दुखे, ताप येई, धाप लागे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली. गुण आला नाही, पण कधीही न पाहिलेल्या बाईने समुद्रापलीकडून पाठवलेले औषध घ्यायचे, ही साधी बाब नव्हती. हळूहळू त्या परक्या बाईंची मावशी झाली.

दोघींच्या भरवशाचा हिशेब मांडला तर दिसते काय? आधी पत्राला उत्तर आले. मग दुसऱ्या पत्रालाही आले. विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले. स्वतःच्या समाजातले दोषही कबूल केले गेले. मदतीला अट जोडली गेली नाही. प्रत्येक पायरीवर थोडे टाकून पाहिले, ते परत आले, मग पुढच्या वेळी थोडे अधिक टाकले.

झुरिचमधला डाव

थोडे टाकून पाहायचे, हीच युक्ती शास्त्रज्ञांनी खेळात बसवली. त्याला भरवशाचा डाव म्हणता येईल. दोन अनोळखी माणसे असतात. दोघांनाही सारखी, समजा १२, नाणी मिळतात. पहिल्याने त्यातली हवी तेवढी दुसऱ्याकडे पाठवायची. वाटेत ती तिप्पट होतात. आता दुसऱ्याने ठरवायचे, की त्यातला काही वाटा परत करायचा की सगळे खिशात घालायचे. पहिल्याने सगळी पाठवली आणि दुसरा सज्जन निघाला तर दोघांचाही फायदा होतो. दुसरा लबाड निघाला तर पहिला बुडाला.

२००५ मध्ये झुरिच विद्यापीठात पुरुषांच्या नाकात फवाऱ्याने ऑक्सिटोसिन देऊन हा डाव खेळवला गेला. ऑक्सिटोसिन घेतलेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी हातातले सगळे पाठवले. नुसता औषधविरहित फवारा घेतलेल्या २९ जणांत असे ६ जणच होते. समोर माणसाऐवजी सोडतीसारखा नशिबाचा खेळ ठेवला तेव्हा मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे ऑक्सिटोसिनने माणूस सरसकट धाडसी झाला नव्हता. फरक फक्त माणसावर विसंबण्यात होता. ‘नेचर’ या नियतकालिकात हा निष्कर्ष आला आणि जगभर गाजला.

असे का होत असावे? मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे. धोक्याची चाहूल लागली की तो जागा होतो. सुरुवातीला म्हटले तो नाका बऱ्याच अंशी इथे आहे. ऑक्सिटोसिन दिल्यावर भीतिदायक चित्रे पाहताना पुरुषांमध्ये या भागाची प्रतिक्रिया मंदावल्याचे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसले. त्याच वेळी बक्षिसाची, समाधानाची जाणीव करून देणाऱ्या भागांशीही ऑक्सिटोसिनचे दुवे आहेत. पहारेकरी थोडा शांत आणि माणसाकडून मिळणारा आनंद थोडा जास्त, असे ते चित्र होते.

चित्र सुबक होते, पण पुढे त्याला तडे गेले. इतर गटांनी तोच डाव पुन्हा खेळवला तेव्हा तोच निकाल दर वेळी येईना. २०२० मध्ये आधी पद्धत जाहीर करून, ६७७ जणांना घेऊन काळजीपूर्वक प्रयोग झाला. त्यात ऑक्सिटोसिनमुळे सर्वसाधारणपणे भरवसा वाढल्याचे आढळले नाही. प्राण्यांतही असेच घडले. आयुष्यभर एकच जोडीदार धरून राहणाऱ्या एका जातीच्या रानउंदरांवरून ऑक्सिटोसिनची जोडी जमवण्यातली भूमिका मांडली गेली होती. २०२३ मध्ये ऑक्सिटोसिन ओळखणारी यंत्रणाच जनुकांतून काढून टाकलेले असे उंदीर तयार केले गेले, तरी त्यांच्या जोड्या जमल्याच. एवढे गुंतागुंतीचे काम निसर्गाने एकाच रसायनावर सोपवलेले नाही.

सेरामपूरची सभा

दरम्यान आनंदीबाईंचा अमेरिकेला जाण्याचा बेत लोकांना कळला होता. हिंदू स्त्रीने समुद्र ओलांडायचा, तोही एकटीने, नवऱ्याला मागे ठेवून, परधर्मीयांच्या घरी राहायला! टीकेची झोड उठली. रस्त्याने जाताना लोक टोमणे मारत. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई भर सभेत बोलायला उभ्या राहिल्या. वय १७, अठरावे वर्ष भरायला महिना उरलेला. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, इथे शिकण्यात अडचणी कोणत्या, आपण एकट्या का जात आहोत, या आक्षेपांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही सांगितले. त्यानंतर विरोध थोडा निवळला आणि देणग्याही आल्या.

आपला आणि परका ही रेघ मेंदूला लवकर समजते. ऑक्सिटोसिन ती पुसते, अशी समजूत असेल तर ती बरोबर नाही. अ‍ॅमस्टरडॅममधल्या संशोधकांनी २०१० मध्ये गटागटांत डाव खेळवले. ऑक्सिटोसिन घेतलेले लोक आपल्या गटासाठी जास्त झीज सोसायला तयार झाले, पण परक्या गटाकडून धोका वाटला तेव्हा आपला बचाव करायलाही सरसावले. लेकराला जवळ घेणारी आईच परक्याच्या अंगावर धावून जाते, हे आठवले की यात नवल वाटत नाही. म्हणून आज अनेक शास्त्रज्ञ असे मानतात, की ऑक्सिटोसिन भरवसा ओतत नाही. ते माणसांकडून येणाऱ्या संकेतांकडे मेंदूचे लक्ष वेधते. संकेत आश्वासक असतील तर जवळीक वाढते, धोक्याचे असतील तर सावधपणा वाढतो. पूर्वीचे अनुभव कसे होते, समोर कोण आहे, प्रसंग कोणता, यावर पुढचे ठरते. या मांडणीचीही तपासणी अजून चालू आहे.

आनंदीबाईंनी सेरामपूरच्या सभेत हेच संकेत बदलून दाखवले. आपण परक्या झालो नाही, हे त्यांनी समाजाला पटवले. मात्र त्यासाठी परक्या देशातल्या मावशीला नाकारले नाही.

भरवसा आणि भोळेपणा

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीवर चढल्या. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या, पण मनाने त्या एकट्याच होत्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला बोट लागली तेव्हा कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या. तीन वर्षे कागदावर असलेली मावशी समोर उभी राहिली. पुढचे काही महिने आनंदीबाई रोसेलला त्यांच्या घरात लेकीसारख्या राहिल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आनंदीबाईंनी सगळ्यांवर भरवसा टाकला नव्हता. धर्म बदला म्हणणाऱ्या मदतीला नकार दिला आणि अट न घालणाऱ्या मदतीला होकार. गोपाळरावांच्या जिद्दीवर त्या विसंबल्या, पण त्यांच्या हातून सोसलेले विसरल्या नाहीत. दूर गेल्यावर, स्वतःच्या पायावर उभे राहिल्यावर, त्यांनी ते नवऱ्याला लिहून कळवले.

प्रयोगशाळेतही याला जोड सापडते. २०१० मधल्या एका प्रयोगात समोरचा खेळाडू बेभरवशाचा आहे असे आधीच सुचवले, तेव्हा ऑक्सिटोसिन घेतलेल्यांनीही त्याच्याकडे जास्त पैसे पाठवले नाहीत. पण २००८ मधल्या प्रयोगात दुसरी बाजू दिसली. डावात विश्वासघात झाल्याचे कळल्यावर साधा फवारा घेतलेल्यांनी हात आखडता घेतला. ऑक्सिटोसिन घेतलेले मात्र पूर्वीइतकेच पैसे पाठवत राहिले, आणि त्या वेळी त्यांच्या अमिग्डालाची हालचाल कमी होती. फसल्यानंतरही न शिकणे हा काही गुण नव्हे. मेंदूतला नाका उठवून टाकला तर माणूस सुखी होणार नाही, लुबाडला जाईल. नाका हवाच, पण तिथला पहारेकरी डोळस हवा.

बाळंतशास्त्राचा प्रबंध

१८८३ च्या शरद ऋतूत आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाल्या. कॉलेजच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांची तळमळ ओळखून तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. तिथली थंडी, परके अन्न, सांभाळलेला शाकाहार, साडीचा वेश, यात प्रकृती आणखी खालावली. घटसर्पाने गाठले. पुढे क्षयाने शरीरात घर केले. तरी अभ्यास सुटला नाही. १८८५ मध्ये जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली या सहाध्यायिनींबरोबर काढलेले त्यांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत.

प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आयुर्वेदातले ग्रंथ आणि अमेरिकेत शिकलेले वैद्यक, दोन्ही त्यात आले. जिथे स्वतःचे बाळ हातातून गेले, त्याच विषयाकडे त्या परत आल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली.

ते काम मात्र व्हायचे नव्हते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या आजारपण सोबत घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती विसावली आहे. एका मासिकाच्या पानावरून सुरू झालेले नाते घरच्या मातीपर्यंत पोचले.

आज आपल्यासाठी

आनंदीबाईंच्या शरीरात कोणत्या क्षणी किती ऑक्सिटोसिन होते हे कुणी मोजलेले नाही आणि मोजूनही त्यांचे धैर्य समजले नसते. पण ज्या कामासाठी त्या एवढ्या दूर गेल्या, त्या कामात या रसायनाची आणि भरवशाची गाठ आजही पडते.

घाबरलेल्या बाईच्या शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये वाढतात. ती कळांच्या विरुद्ध काम करू शकतात. परकी जागा, ओरडून बोलणारी माणसे, आपल्याला काय चालले आहे हे कुणी न सांगणे, याने बाळंतीण आखडते. तिच्याजवळ बसणारे, पाठ चोळणारे, धीर देणारे माणूस असले तर काय होते, हे १७ देशांतल्या १५,००० हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासांतून तपासले गेले आहे. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती जास्त प्रमाणात झाली, कळांचा काळ थोडा कमी झाला, सिझेरियनचे प्रमाण घटले आणि बाळंतपणाचा कटू अनुभवही कमी जणींना आला. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एका स्त्री सोबतिणीला थांबू देण्याची सूचना केली आहे. आई, सासू, बहीण, जाऊ किंवा गावची आशाताई, कोणीही चालेल. खोलीची अडचण नसेल तर ही सोबत आपण हक्काने मागावी. आणि जी सोबतीला जाईल तिने धीरच द्यावा, घाई करू नये.

ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनबद्दलही दोन शब्द. बाळ जन्मल्यावर लगेच दिलेले १० युनिटचे इंजेक्शन बाळंतिणीचा जीवघेणा रक्तस्राव टाळायला मदत करते. ते सहसा २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, नाही तर त्याची ताकद कमी होते. पण घरी किंवा अपुऱ्या सोयीच्या ठिकाणी लवकर मोकळी व्हावी म्हणून कळा वाढवायला कुणी हेच इंजेक्शन टोचू लागले तर साफ नकार द्यावा. गर्भाशय फाटण्याचा आणि बाळाचा प्राणवायू तुटण्याचा धोका असतो. डॉक्टर, देखरेख आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच ते शोभते. दूध वाढवायचे म्हणून जनावरांना ते टोचणेही चूकच. आणि नात्यात गोडवा यावा म्हणून इंटरनेटवर विकले जाणारे ऑक्सिटोसिनचे फवारे घेण्यात पैसे घालवू नयेत. २०२० च्या प्रयोगाने काय दाखवले ते वर पाहिलेच.

कनेरगाव नाक्यासारख्या रस्त्यावरच्या गावांत रात्री-बेरात्री कळा सुरू झालेल्या बाईला गाडीत घालून दवाखान्यात न्यावे लागते. ती जिथे पोचते तिथली नर्स, डॉक्टर, आया, सगळे तिला अनोळखी असतात. तिच्या मेंदूतला नाका त्या वेळी सगळ्यात जागा असतो. आत शिरताना कुणी तिचे नाव विचारून हळू आवाजात बोलले, आता काय करणार आहोत ते सांगितले, बरोबर आलेल्या आईला दाराबाहेर न काढता उशाशी बसू दिले, तर तिचा अर्धा भार तिथेच उतरतो. त्याला औषध लागत नाही आणि खर्चही येत नाही.